पिचरची विचित्र हालचाल नियमात बसते का, हे कसे ओळखावे

मेजर लीग बेसबॉलचे सामने नव्याने पाहू लागलेल्या प्रेक्षकाला दोन दृश्ये हमखास बुचकळ्यात टाकतात. एका दृश्यात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, बॅटरकडे चक्क पाठ फिरवतो, पाय डोक्याच्या उंचीपर्यंत नेतो, आकाशाकडे पाहतो आणि मग चेंडू फेकतो. अंपायर मात्र काहीच न घडल्यासारखा उभा असतो. दुसऱ्या दृश्यात पिचरचा खांदा किंवा गुडघा जेमतेम हललेला दिसतो, चेंडू हातातून सुटलेलाही नसतो, तरी अंपायर त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतो आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर, असलेला धावक धावण्याची तसदीही न घेता चालत दुसऱ्या बेसवर जातो. पहिली हालचाल इतकी नाटकी असूनही वैध आणि दुसरी इतकी किरकोळ असूनही अवैध कशी, हे सामना पाहता पाहता ओळखता यावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सगळ्या नियमांच्या मुळाशी एक तत्त्व आहे आणि ते लक्षात आले की पाठांतराची फारशी गरज उरत नाही. पिचरने बॅटरला फसवावे, हा तर खेळच आहे. बेसवरच्या धावकाला फसवण्यावर मात्र कडक बंधने आहेत. धावक बेस सोडून काही पावले पुढे उभा असतो आणि पिचर होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो त्या बेसकडे, फेकणार की आपल्या दिशेने, याचा अंदाज तो पिचरच्या शरीरावरून बांधतो. त्या शरीराने खोटी साक्ष देऊ नये, एवढ्यासाठी ‘बॉक’ नावाचा दोष नियमावलीत आहे. म्हणून हालचाल विचित्र वाटली की सर्वप्रथम बेसवर कोणी आहे का, हे पाहावे. बेस रिकामे असतील तर बॉक होऊच शकत नाही. फार तर ती अवैध पिच ठरते आणि बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’, म्हणजे सदोष फेकीची नोंद, जमा होतो. बेसवर धावक असतील तर बॉकमुळे प्रत्येक धावक एकेक बेस पुढे सरकतो आणि तिसऱ्या बेसवरच्या धावकाला थेट धाव मिळते.

आधी पाय पाहा

क्रिकेटवर पोसलेली नजर सवयीने फेकणाऱ्याच्या कोपराकडे जाते. बेसबॉलमध्ये कोपर वाकले काय आणि ताठ राहिले काय, नियमावलीला त्याचे सोयरसुतक नाही. येथे पाय पाहायचे असतात.

पिचर जेथून फेकतो तो मातीचा उंचवटा, म्हणजे माऊंड, होम प्लेटपेक्षा १० इंच उंच असतो. १९६९ पूर्वी ही उंची १५ इंच होती. माऊंडवर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशी पांढरी पट्टी बसवलेली असते, तिला रबर म्हणतात. रबरपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच आहे आणि १८९३ पासून त्यात बदल झालेला नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा आणि डाव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय हा ‘पिव्हट’ पाय. तो रबरला टेकला की पिचरवरचे सगळे निर्बंध लागू होतात. तो रबरच्या मागच्या बाजूला उतरला की नियमाच्या दृष्टीने तो इतर इनफिल्डरांसारखाच एक क्षेत्ररक्षक होतो आणि त्याला हुलकावण्या देण्याचीही मोकळीक मिळते. एकच हुलकावणी पाय रबरवर असताना बॉक आणि रबरमागे असताना निर्दोष ठरते, म्हणून टीव्हीवर पाहताना डोळे चेंडूवरून काढून आधी या पायावर नेण्याची सवय लावावी. पहिले काही सामने हे जड जाते, कारण कॅमेराही चेंडूच्याच मागे असतो.

पिचरला दोनच वैध पवित्रे घेता येतात. ‘वाइंडअप’मध्ये तो बॅटरकडे तोंड करून उभा राहतो आणि हात-पाय लयीत हलवत सावकाश वेग घेतो. ‘सेट’मध्ये तो बॅटरकडे खांदा करून आडवा उभा राहतो, दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणतो, पूर्ण थांबतो आणि मग फेकतो. धावक बेसवर असताना बहुतेक पिचर सेट पवित्रा घेतात, कारण त्यात वेळ वाचतो. पहिल्या हालचालीपासून चेंडू होम प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत साधारण १.३ सेकंद लागले तर पिचर पुरेसा चपळ मानतात आणि कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसपर्यंतच्या फेकीला साधारण २ सेकंद धरतात. या हिशेबात दशांश सेकंदालाही मोल असल्यामुळे विलक्षण वाइंडअप बेस रिकामे असतानाच पूर्ण रंगात दिसतात. एखाद्या पिचरची नाटकी हालचाल नीट पाहायची असेल तर इनिंगचा पहिला बॅटर चुकवू नये.

विचित्र, पण वैध

ताशी ९५ मैलांचा चेंडू होम प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. इतक्या थोड्या वेळात बॅटरला चेंडू कधी दिसला, याला फार महत्त्व येते आणि पिचरच्या बहुतेक कसरती चेंडू उशिरा दिसावा यासाठीच असतात. बोस्टन रेड सॉक्सचा लुई टियांट पिच करताना इतका वळायचा की त्याचे तोंड सेंटर फील्डकडे होई आणि बॅटरला त्याच्या जर्सीवरचा क्रमांक वाचता येई. जपानहून लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये आलेल्या हिदेओ नोमोची ‘टॉर्नेडो’ म्हणून गाजलेली हालचाल त्याच जातीची होती: दोन्ही हात डोक्यावर ताणायचे, कंबरेतून मागे वळायचे, क्षणभर बॅटरकडे पाठ करायची आणि मग उलगडत फेकायचे. १९९५ मध्ये त्याने २३६ स्ट्राइकआउट घेऊन, म्हणजे तितक्या वेळा बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करून, मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूही तोच ठरला. या दोघांच्या हालचालीत एकही अवैध भाग नव्हता, कारण पिव्हट पाय रबरवर होता आणि एकदा सुरू झालेली हालचाल खंड न पडता पूर्ण होत होती.

उंच लाथेचा प्रकार याहून जुना आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ह्वान मारिशाल डावा पाय डोक्याहूनही वर नेत असे आणि मिलवॉकी ब्रेव्ह्जचा डावखुरा वॉरन स्पॅनही त्याच घराण्यातला. २ जुलै १९६३ रोजी हे दोघे समोरासमोर उभे ठाकले आणि दोघांनीही शेवटपर्यंत पिचिंग केलेला तो सामना सोळाव्या इनिंगमध्ये विली मेझच्या होम रनवर १-० असा संपला. इतक्या वेळा पाय इतका उंच नेऊनही दोघांचा तोल टिकला, याचे मला आजही त्या धावफलकापेक्षा अधिक आश्चर्य वाटते. पुढे २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सच्या डॉन्ट्रेल विलिसने ही लाथ पुन्हा लोकप्रिय केली. फर्नांडो वॅलेन्झुएला पाय उचलताना नजर आकाशाकडे लावायचा. १९८१ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार एकाच मोसमात मिळवणारा तो एकमेव खेळाडू ठरला. पिचरने बॅटरकडे पाहत राहिलेच पाहिजे, असे नियमावलीत कोठेही म्हटलेले नाही.

हाताच्या कोनाचेही तसेच. सुरुवातीच्या काळात चेंडू खालूनच फेकावा लागे. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून फेकण्याची मुभा दिली आणि त्यानंतर हात कोणत्या उंचीवरून यावा, हा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे उलट्या दिशेला गेलेले, म्हणजे पूर्वीप्रमाणे खालून फेकणारे ‘सबमरीन’ पिचर विचित्र दिसत असले तरी पूर्णपणे वैध आहेत. कॅन्सस सिटी रॉयल्सचा डॅन क्विझनबेरी, पिट्सबर्ग पायरेट्सचा केंट टेकल्वी, ओकलंडचा चॅड ब्रॅडफर्ड, जपानच्या चिबा लोट्टे मरीन्सचा शुनसुके वातानाबे आणि अलीकडचा टायलर रॉजर्स हे या पद्धतीचे नामवंत प्रतिनिधी. ब्रॅडफर्डच्या हाताची बोटे माऊंडच्या मातीला घासतील की काय, असे वाटायचे. या पिचरांचा वेग बहुधा कमी असतो, पण चेंडू जमिनीलगतून निघून अनोळखी वाटेने येतो आणि शेवटी खाली बुडतो. बॅटरचा फटका चेंडूच्या वरच्या अंगाला बसतो आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत क्षेत्ररक्षकाकडे जातो. मात्र उजव्या हाताच्या सबमरीन पिचरला डावखुरा बॅटर तुलनेने जड जातो, कारण त्याला चेंडू हातातून सुटताना अधिक वेळ दिसतो. असा पिचर माऊंडवर आला की समोर कोणत्या हाताचे बॅटर येणार आहेत, तेही पाहावे.

खालून आलेला चेंडू नीट न दिसण्याची एक काळी बाजूही आहे. न्यूयॉर्क यांकीजचा कार्ल मेझ याच पद्धतीने फेकत असे आणि १६ ऑगस्ट १९२० रोजी त्याचा चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला. दुसऱ्या दिवशी चॅपमनचा मृत्यू झाला. त्या काळी एकच मळका चेंडू दीर्घकाळ वापरला जाई. मळलेला चेंडू तत्काळ बदलण्याचा आग्रह या घटनेनंतर वाढला, हालचालीवर मात्र बंदी आली नाही.

खंड पडला की शंका घ्यावी

आता वैधतेच्या सीमारेषेकडे येऊ. पिचला सुरुवात झाल्यावर ती हालचाल खंड न पाडता आणि न बदलता पूर्ण करावी, असे नियम सांगतो. म्हणून संशयास्पद वाटलेली हालचाल पाहताना ती विचित्र किती होती, हे सोडून द्यावे आणि ती मध्येच थांबली का, मागे फिरली का, किंवा पाऊल दुसऱ्यांदा पडले का, हे तपासावे.

सॅचेल पेज कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जमधील आपली दीर्घ कारकीर्द गाजवून १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून अमेरिकन लीगमध्ये उतरला, तेव्हा त्याच्यापाशी एक खास अस्त्र होते: पुढचा पाय जमिनीवर टेकवायचा, हात क्षणभर मागेच ठेवायचा आणि बॅटरचा अंदाज चुकल्यावर फेकायचे. लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी ती पिच अवैध ठरवली. पेजने हा थांबा बॅटरसाठी घेतला होता, धावकासाठी नव्हे, त्यामुळे त्याच्यावर थोडा अन्यायच झाला, असे माझे मत आहे. याच मुद्द्यावर जपानच्या व्यावसायिक लीगनेही दीर्घकाळ कठोर भूमिका घेतली होती. पाय उचलून, थोडा खाली आणून पुन्हा वर नेण्याच्या ‘दोन टप्प्यांच्या’ हालचालीवर तेथे आक्षेप घेतला जाई आणि २०१७ मध्ये सेइबू लायन्सच्या युसेई किकुचीला त्याचा फटका बसला. २०१८ पासून हे बंधन सैल झाले. अमेरिकेत जॉनी क्वेटो आणि मार्कस स्ट्रोमन यांनी बेस रिकामे असताना कधी खांदे घुसळून, कधी पाय हवेत रेंगाळत ठेवून आणि कधी घाईने फेकून बॅटरची लय बिघडवण्याची कला पुढे नेली. अशा थांब्याकडे अंपायर बहुधा दुर्लक्ष करतात, पण हात प्रत्यक्ष फेकल्यासारखा हलवून थबकला तर गोष्ट वेगळी होते. २०२४ मध्ये यांकीजच्या नेस्टर कोर्टेसने फेकीचा खोटा आविर्भाव करून मग चेंडू टाकला, तेव्हा ही हालचाल चालणार नसल्याचे लीगने कळवले.

दुसऱ्या पावलाचा नियम तर एका हालचालीमुळेच चर्चेत आला. मायामी मार्लिन्सचा कार्टर कॅप्स २०१५ मध्ये रबरवरून पुढे उडी घेई आणि पिव्हट पाय पुढे टेकवून मग चेंडू सोडी. त्यामुळे ६० फूट ६ इंचांचे अंतर प्रत्यक्षात घटत होते आणि आधीच वेगवान असलेला चेंडू बॅटरला आणखी वेगवान भासत होता. २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट शब्द आले: पिचरने होम प्लेटकडे कोणत्याही पायाने दुसरे पाऊल टाकू नये आणि पिव्हट पाय पुन्हा टेकवून नव्याने जोर घेऊ नये. ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा लुईस गार्सिया वाइंडअपमध्ये चेंडू पोटाशी धरून बाळाला जोजवावे तसे हात हलवत पावलांची अदलाबदल करायचा. २०२३ मध्ये नियमाची अंमलबजावणी कडक झाल्यावर त्याला ती हालचाल सोडावी लागली. आक्षेप पावलांवर होता, जोजवण्यावर नव्हे, हे ध्यानात ठेवावे. रिप्लेमध्ये ही तपासणी सोपी असते: चेंडू सुटण्यापूर्वी पिव्हट पाय फरपटत पुढे आला तर चालते, तो हवेत उचलला जाऊन पुन्हा टेकला तर चालत नाही.

बॉक कसा ओळखावा

बेसवर धावक असताना सर्वाधिक वेळा होणारी चूक म्हणजे सेट पवित्र्यात पूर्ण न थांबणे. हात छातीपासून पोटापर्यंत सरकत आले आणि न थांबता पिच सुरू झाली, तर धावकाला परत फिरण्याचा क्षणच मिळत नाही. हे थांबणे किती स्पष्ट असावे, यावरून १९८८ चा मोसम गाजला. त्या वर्षी ‘एकदाच, पूर्ण आणि स्पष्ट दिसेल असा’ थांबा घ्यावा, असे शब्द नियमात आले आणि मेजर लीगमध्ये बॉकची संख्या आदल्या वर्षीच्या ३५६ वरून ९२४ वर गेली. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टच्या एकट्याच्या नावावर १६ बॉक लागले. पुढच्याच मोसमात शब्द बदलले आणि आकडे खाली आले. बॉक अंपायरच्या नजरेवर किती अवलंबून असतो, हे यावरून कळते. २०२२ मध्ये मायामीच्या रिचर्ड ब्लायरवर मेट्सच्या पीट अलॉन्सोसमोरच्या एकाच बारीत तीन वेळा हाच दोष ठेवला गेला आणि पहिल्या बेसवरचा जेफ मॅकनील तीन बॉकच्या जोरावर होम प्लेटवर पोहोचला.

दुसरी खूण पावलाच्या दिशेत असते. रबरवर असताना बेसकडे फेकायचे तर पुढचे पाऊल आधी त्याच बेसच्या दिशेने पडले पाहिजे. पहिल्या बेसकडे पाऊल टाकले की चेंडू फेकावाच लागतो. दुसऱ्या बेसवर धावक असेल तर तिकडे पाऊल टाकून नुसती हुलकावणी देता येते. तिसऱ्या बेसकडेही ती २०१२ पर्यंत चाले. तिसरीकडे हूल द्यायची आणि गर्रकन वळून पहिलीकडे फेकायचे, हा त्या काळचा नेहमीचा डाव होता. तो क्वचितच यशस्वी होई, खेळ मात्र रेंगाळे. २०१३ पासून तो बॉक आहे.

डावखुऱ्या पिचरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सेट पवित्र्यात त्याचे तोंड पहिल्या बेसकडेच असते आणि उजवा पाय उचलल्यावर तो कोठे फेकणार, हे शेवटपर्यंत कळत नाही. अँडी पेटिट याच संदिग्धतेवर धावकांना टिपत असे. या प्रसंगी दोन गोष्टी पाहाव्यात. उचललेला पाय रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला का? गेला असेल तर त्याने होम प्लेटकडेच फेकले पाहिजे. अपवाद फक्त दुसऱ्या बेसकडच्या फेकीचा. आणि पहिलीकडे फेकताना पाऊल खरोखर पहिलीकडे पडले, की होम प्लेटकडे झुकले? अंपायर यासाठी साधारण ४५ अंशांची काल्पनिक रेषा मानतात. कारकिर्दीत ९० बॉकचा विक्रम करणारा स्टीव्ह कार्लटन डावखुरा होता, यात नवल नाही.

उरलेल्या चुका पटकन ओळखता येतात: रबरवर असताना चेंडू हातातून पडणे, चेंडूच नसताना रबरवर किंवा रबरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहणे, बॅटर सज्ज नसताना घाईने पिच करणे. हा शेवटचा नियम बॅटरच्या बाजूने असलेल्या थोड्या नियमांपैकी एक असून त्याचे कारण सुरक्षितता हे आहे. १९६१ च्या ऑल-स्टार सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये जोराच्या वाऱ्याने स्टू मिलरचा तोल गेला आणि त्याच्यावर बॉक दिला गेला. नियमात वाऱ्यासाठी सवलत नाही.

बॉक जाहीर झाला म्हणजे खेळ लगेच थांबतोच, असेही नाही. पिचरने तरीही चेंडू फेकला आणि त्यावर बॅटरसह सगळे धावक किमान एकेक बेस पुढे गेले, तर बॉक विसरला जातो आणि खेळ तसाच पुढे चालतो. म्हणून अंपायरची आरोळी ऐकू आली तरी नजर काढू नये. कधी कधी पिचर मुद्दामही बॉक करतो. १४ जून २०१९ रोजी शिकागो कब्जविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये डॉजर्सचा केनली जॅन्सन रबरवर उभा राहून पाय हलवत राहिला आणि जेसन हेवर्डला दुसऱ्या बेसवरून तिसऱ्यावर जाऊ दिले. आघाडी दोन धावांची असल्यामुळे त्या धावकाला महत्त्व नव्हते. तो दुसऱ्या बेसवरून कॅचरच्या खुणा वाचून बॅटरला सांगेल, ही भीती मात्र होती. सामना डॉजर्सने जिंकला.

हात कोणता, हे आधी सांगावे लागते

१९ जून २००८ रोजी यांकीजच्या स्टेटन आयलंड येथील मायनर लीग संघाकडून पॅट व्हेंडिटी प्रथमच व्यावसायिक सामन्यात उतरला. तो दोन्ही हातांनी पिच करत असे आणि त्यासाठी सहा बोटांचा, कोणत्याही हातात बसणारा ग्लोव्ह वापरत असे. समोर ब्रुकलिनचा राल्फ हेन्रिकेझ होता आणि तो दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा. व्हेंडिटीने ग्लोव्ह बदलला की हेन्रिकेझ बाजू बदले, त्याने बाजू बदलली की व्हेंडिटी ग्लोव्ह बदले. अंपायरांनी अखेर मध्यस्थी केली. त्यानंतर झालेल्या नियमानुसार रबरला पाय लावताना पिचरने ग्लोव्ह घातलेल्या हातावरून आपला फेकीचा हात अंपायर, बॅटर आणि धावक यांना दाखवून द्यावा लागतो, आणि बॅटर बाद होईपर्यंत, धावक बनेपर्यंत, इनिंग संपेपर्यंत, किंवा त्याच्या जागी दुसरा बॅटर येईपर्यंत हात बदलता येत नाही. पिचरला दुखापत झाली तरच अपवाद. व्हेंडिटी जून २०१५ मध्ये ओकलंडकडून मेजर लीगमध्ये खेळला. असा पिचर दिसला तर बॅटर बॉक्समध्ये येण्यापूर्वीच ग्लोव्ह पाहून घ्यावा.

जन्मतः उजवा तळवा नसलेल्या जिम ॲबटचा ग्लोव्हही असाच पाहण्यासारखा होता: पिच करताना तो उजव्या मनगटावर टेकवलेला असे आणि चेंडू सुटताच डाव्या हातात चढवला जाई. ४ सप्टेंबर १९९३ रोजी त्याने यांकीजकडून क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता संपवलेला सामना, पूर्ण केला.

खुणा, लकबी आणि घड्याळ

प्रत्येक हातवाऱ्याला अर्थ असतोच असे नाही. १९७६ मध्ये डेट्रॉइट टायगर्सचा मार्क फिड्रिच चेंडूशी बोलत असे, गुडघ्यावर बसून माऊंडची माती हातांनी सारखी करत असे. त्या वर्षी त्याने १९ सामने जिंकले आणि नियमाने त्याला कशासाठीही अडवले नाही. सेंट लुईस कार्डिनल्सचा अल ह्राबोस्की माऊंडमागे जाऊन बॅटरकडे पाठ करायचा आणि चेंडू ग्लोव्हमध्ये जोराने आपटून मगच परतायचा. क्रेग किंब्रेल खुणा घेताना कंबरेत वाकतो आणि उजवा हात पंखासारखा बाजूला लोंबता ठेवतो. या लकबी रबरवरच्या पिचच्या हालचालीचा भाग नसल्यामुळे त्या बॉकच्या कक्षेत येत नाहीत.

त्यांच्यावर खरी मर्यादा आणली ती घड्याळाने. २०२३ पासून बेस रिकामे असताना १५ सेकंदांच्या आत आणि धावक असताना २० सेकंदांच्या आत पिचला सुरुवात करावी लागते. २०२४ मध्ये दुसरी मुदत १८ सेकंदांवर आली. उशीर झाला तर बॅटरला एक बॉल मिळतो. बॅटरने ८ सेकंद उरले असताना सज्ज असले पाहिजे, नाहीतर त्याच्यावर स्ट्राइक लागतो. शिवाय एका बॅटरच्या बारीत पिचरला रबरवरून उतरणे किंवा बेसकडे फेकणे दोनदाच करता येते. तिसऱ्या वेळी धावक बाद झाला नाही तर तो बॉक. तेव्हा धावक बेसवर असताना पिचर दोनदा रबरवरून उतरला की पुढच्या पिचवर धावकाकडे बघावे, कारण तो आता अधिक पुढे सरकलेला असतो.

ज्यांना खरोखर अर्थ आहे, अशा खुणा थोड्या आहेत. सरावाच्या फेकींत पिचर ग्लोव्ह पुढे झटकतो तेव्हा वेगवान चेंडू येणार, मनगटातून खाली वळवतो तेव्हा वळणारा, असे तो कॅचरला सांगत असतो. खेळात कॅचर बोटांनी खुणा करतो. एक बोट बहुधा वेगवान चेंडूसाठी. २०२२ पासून पिचकॉम नावाच्या यंत्राने हा निरोप टोपीतल्या ध्वनिवर्धकातून मिळतो. पिचरची मान हलली की त्याने कॅचरने सुचवलेली पिच नाकारली. मॅनेजर माऊंडकडे येताना आपल्या डाव्या किंवा उजव्या दंडावर थाप मारतो तेव्हा त्या हाताचा राखीव पिचर बोलावला गेलेला असतो.

हात तोंडाकडे गेला की मात्र सावध व्हावे. रबरवर असताना फेकीचा हात तोंडाला लावता येत नाही. रबरभोवतीच्या १८ फुटांच्या वर्तुळात लावला तर चेंडूला किंवा रबरला स्पर्श करण्यापूर्वी तो पुसून कोरडा करावा लागतो. थुंकीने ओला केलेला चेंडू १९२० मध्येच बंद झाला. त्या वेळी तो टाकणाऱ्या काहींना सवलत मिळाली आणि त्यांतला शेवटचा बर्ले ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला. माऊंडमागे ठेवलेली रोझिनची, म्हणजे पकड घट्ट करणाऱ्या राळेच्या पुडीची, पिशवी पिचरने उघड्या हाताला लावावी, पण ग्लोव्हला, गणवेशाला किंवा चेंडूला लावू नये. २१ जून २०२१ पासून अंपायर पिचरचे हात, टोपी, ग्लोव्ह आणि पट्टा नियमितपणे तपासतात आणि चिकट पदार्थ सापडल्यास पिचरला मैदानाबाहेर काढून १० सामन्यांसाठी निलंबित केले जाते. इनिंग संपल्यावर पिचर अंपायरपुढे तळवे पसरून उभा राहतो, ती हीच तपासणी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. धावक बाद झाला की नाही, यासारखे अनेक निर्णय संघाला व्हिडिओ तपासणीसाठी पाठवता येतात, बॉकचा निर्णय मात्र पाठवता येत नाही. मैदानावरच्या अंपायरांनी जे पाहिले ते अंतिम असते. त्यामुळे प्रक्षेपणात बॉकचा रिप्ले संथ गतीने दाखवला जातो, तेव्हा तो निर्णय बदलण्यासाठी नसतो. तरी तो पाहावा आणि त्यात क्रमाने तपासावे: पिव्हट पाय रबरवर होता का, हात पूर्ण थांबले का, पुढचे पाऊल कोणत्या दिशेला पडले. या तिन्हींमध्ये काहीच सापडले नाही तर डावखुऱ्या पिचरच्या उजव्या गुडघ्याकडे किंवा पहिल्या हालचालीपूर्वी खांद्याने खाल्लेल्या हलक्या झटक्याकडे परत एकदा पाहावे. अंपायरला दिसलेली गोष्ट बहुधा तेथेच असते.